मसाई पठारावरचा न दिसणारा जाळ

शांतिनाथचं कागल एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप आहे, त्यामुळं त्याला कुठलीच वस्तू आयती घेववत नाही. जानेवारीत आम्हा तिघांचं मसाई पठारावर मुक्कामाला जायचं ठरलं, तेव्हा त्यानं कोल्ड्रिंकचे दोन कॅन कापून स्पिरिटची शेगडी केली. चोवीस भोकं, सगळी एका मापाची.

तो आणि त्याची बायको राजमती सूर्य मावळल्यावर काही खात नाहीत. तिनं धपाटी बांधून घेतली होती. यानं ती घरीच ठेवायला लावली. म्हणाला, "डोंगरावर तुला गरम उपीट खायला घालतो."

सूर्यास्त सहा बावीसला होता. सहाला पाच कमी असताना त्यानं शेगडीला काडी लावली आणि पाणी ठेवलं. समोरून लख्ख ऊन.

"मास्तर, पेटली का?" त्यानं मला विचारलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो.

"दिसत तर न्हाय."

त्यानं पातेलं उतरवून पुन्हा काडी लावली. असं तीनदा झालं. पाणी कोमट व्हायचं आणि तपासणीत परत गार व्हायचं. चौथ्यांदा त्यानं स्पिरिटची बाटलीच उघडली.

"थांबा," राजमती म्हणाली. "वर हात धरून बघा आधी."

त्यानं धरला आणि झटकन काढला.

"मघापासनं पेटलीय. उन्हात स्पिरिटचा जाळ दिसत न्हाय."

राजमती वीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्पिरिटच्या दिव्याशेजारी बसते. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही मास्तरांना विचारलं की."

तिनं त्याला उन्हाकडं पाठ करून बसवलं. त्याची सावली पडली, वारंही अडलं, आणि चोवीस निळ्या जिभा दिसल्या. सहा बाराला पाणी उकळलं, रवा पडला आणि दोन मिनिटांत बशीभर उपीट झालं. वजन नको म्हणून त्यानं पातेलं एकाच्याच मापाचं आणलं होतं.

"अर्धं घ्या," राजमती म्हणाली.

"तू खा गं. दुसरं आत्ता होतंय."

तेवढ्यात स्पिरिट संपलं. शेगडी गार झाल्याशिवाय भरायची नाही, असं राजमतीनं सांगितलं, आणि या वेळी त्यानं ऐकलं. पुन्हा पेटवेपर्यंत सहा अठरा झाले. राजमतीनं फुंकर घालत बशी संपवली, वर पाणी प्यायली. पलीकडं सूर्य गेला. शेगडीचा जाळ आता कुणालाही दिसला असता.

दुसरं उपीट साडेसहाला झालं. ते मी खाल्लं.

शांतिनाथ समोर बसून होता.

"मास्तर, मीठ बरोबर हाय का?" त्यानं विचारलं.

"हाय."

"रवा शिजलाय?"

"शिजलाय."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि शेगडी पुसायला घेतली.