टेपचा पहिला मीटर

हे लिहिणारच नव्हतो. आपलीच शोभा आपणच कशाला करा. पण लिहितोय.

मी जमिनीच्या हद्दी आखून देतो. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. माझ्या टेपचं टोक तुटलंय, म्हणून शून्याऐवजी एकच्या खुणेपासून मोजतो. वीस मीटर हवे असतील तर एकवीसवर खुंटी. एवढं लक्षात ठेवायचं, बस.

गेल्या महिन्यात ढोल्याच्या प्लॉटची हद्द आखली. ढोल्या माझा दोस्त, सुतार. त्यानं माझ्या रेषेवर खांब पुरले, तार ओढली, 'विनापरवाना आत येऊ नये' असा बोर्ड रंगवून लावला. शेजारच्या शिवणकाकूंची कपडे वाळत घालायची दोरी तारेच्या आत गेली. त्या तारेखालून वाकून यायच्या, कपडे वाळत घालायच्या, जायच्या. ढोल्यानं घुसखोरीची तक्रार दिली. आज अकराला दोघांना चौकीत बोलावलेलं.

"नकाशा काढून दे, आकड्यांसकट," म्हणाला.

सकाळी आकडे टिपायला गेलो. काकूंच्या जागेच्या पलीकडच्या हद्दीच्या दगडापाशी त्यांच्याच हातात टेप दिली. "एकवर धरा."

"एकवर का? पहिला मीटर काय तुझ्या दोस्ताला आंदण दिलास?"

मी हसत हसत खांबापर्यंत गेलो. टेप म्हणाली वीस. काकूंच्या जागेच्या कागदावरही वीसच. म्हणजे खरे एकोणीस. हसू तिथंच विरलं. त्या दिवशी याच दगडापासून मोजून मी खुंटी एकवीसऐवजी वीसवरच ठोकली होती.

तसाच ढोल्याच्या कारखान्यात गेलो. तो रंधा मारत होता.

"काकू तुझ्या जागेत येत नाहीत. तूच त्यांच्या जागेत आहेस. मीटरभर. मीच चुकून घातलंय तुला आत."

रंधा थांबला. "नकाशात वीस लिही. कोण मोजतंय?"

"एकोणीस लिहिणार."

"माझी नवी शेड बसणार नाही मग त्या जागेत."

"आखूड कर."

"आणि चौकीत सगळे दात काढतील त्याचं काय, शहाण्या? तक्रार माझ्या सहीची आहे."

तो माझ्याकडे बघेना. साडेदहा झाले होते. मी नकाशा त्याच्यासमोर, भुशातच पसरला आणि एकोणीस लिहिलं, खाली सही केली.

"ऐक," म्हटलं, "चौकीत तू तोंड उघडायच्या आत मी बोलणार. चूक माझी, माझ्या नावानं. आणि तिथून आलो की सगळे खांब मीच उपटून मीटरभर मागं घेणार. तू हातही लावायचा नाहीस. शब्द देतो."