विझलेला दिवा आणि तापते मेण

मित्रांनो, मी एक जळका रिले आहे, म्हणजे हुकमाने आपोआप चालू-बंद होणारा विजेचा खटका. काडेपेटीएवढाच माझा जीव. पोटात इवलासा चुंबक आणि धातूची दोन टोके. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत दोघी जावा मेणबत्त्या करायच्या, तिथल्या भिंतीवर मी बसवलेला होतो.

मेणाच्या पातेल्याखालचा हीटर घरच्या विजेवर चालायचा. हात लागला तर माणसाचा जीव घेईल अशी ती वीज. तिला आवरायचा हुकूम मात्र तापमान बघणाऱ्या पेटीकडून यायचा, खेळण्यातल्या सेलसारख्या दुबळ्या विजेवर. हुकूम आला की चुंबक ओढायचा, टोके जुळायची, टक, हीटर तापायचा. हुकूम थांबला की स्प्रिंग त्यांना दूर करायची, पुन्हा टक. पेटीवरचा लाल दिवा हुकुमाबरोबर पेटायचा, विझायचा.

थोरल्या जाऊबाई मला टकटक्या म्हणत. "हा आहे म्हणून मी पातेल्याकडे पाठ करून बसते," असे त्या धाकटीला सांगत, तेव्हा माझ्याही अंगावर मूठभर मांस चढे.

मग मोठे काम आले. एका हीटरवर मेण वेळेत वितळेना. वायरमन दुसरा घेऊन आला आणि माझ्याकडे बघून थबकला.

"ताई, दोन हीटर याला झेपायचे नाहीत. मोठा रिले आणावा लागेल."

"आणा की सावकाश. तोवर टकटक्या निभावून नेईल."

"चार दिवस. जास्त नको."

चार दिवसांचे महिने झाले. तो विसरला, त्याही कामाच्या रगाड्यात विसरल्या. टोके जुळताना दर वेळी ठिणगी उडे आणि मी भाजून निघे. माझे झाकण पिवळे पडले, मग काळे. कोणी वर पाहिलेच नाही.

त्या दुपारी हुकूम थांबला. दिवा विझला. चुंबकाने सोडले, स्प्रिंगने जिवाच्या आकांताने ओढले, पण माझी टोके वितळून एकमेकांना चिकटली होती. दोन्ही हीटर तापतच राहिले. मी आतल्या आत टाहो फोडत होतो. मला एकच आवाज काढता यायचा, टक, आणि तोच आत अडकला होता.

धाकटी वाती घेऊन आत आली. "ताई, मेण धुरावतंय."

साचे भरणाऱ्या थोरल्यांनी फक्त मान वर केली. "दिवा विझलाय, बघ. निवेल आता."

"नाही हो, वास वेगळा येतोय."

थोरल्या उठल्या, तोच पातेल्यावर ज्वाळा उठली. त्यांनी पाण्याची बादली उचलली.

"पाणी नको, ताई!" धाकटीने बादली लाथेने उडवली. पेटत्या मेणावर पाणी पडले असते, तर आगीचा लोळ थेट छपराला भिडला असता. तिने धावत जाऊन मेन स्विच बंद केला. थोरल्यांनी उघड्या हातांनी पातेल्यावर झाकण दाबले आणि ज्वाळा गुदमरेपर्यंत सोडले नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमनने मला उघडले. चिकटलेली टोके त्याने थोरल्यांना दाखवली.

"ताई, दिवा नुसता हुकूम दाखवतो. तो पाळला गेला का, हे नाही दाखवत." मग हळूच म्हणाला, "मीच परत यायला हवं होतं."

पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून थोरल्या म्हणाल्या, "मी तरी कुठं बोलावलं?"

आता तिथे मोठा रिले आहे. शिवाय उष्णता हद्दीबाहेर गेली की कोणाच्याही हुकुमाविना वीज तोडणारा वेगळा पहारेकरीही आहे. थोरल्यांची बोटे मात्र वळत नाहीत. धाकटी त्यांना भरवते.

"या हातांनी आता वात ओवता यायची नाही ना गं?" एकदा त्यांनी विचारले.

धाकटीने नुसता पुढचा घास उचलला. भंगाराच्या डब्यातून मी ते ऐकले, आणि मला पुन्हा एकदा जळून जावेसे वाटले.

मित्रांनो, निमूट राबणाऱ्याला कधीतरी उघडून बघा. त्याला झेपेल तेवढाच भार द्या. त्याचे दिवस भरले की त्याला बदला. कोणी मला वेळेवर काढून फेकले असते, तर मी तीच माझी सर्वांत मोठी कदर मानली असती.