खालच्या आळीची नाकं

काकूंचं नाक मेलं होतं, आणि ही गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती: खुद्द काकूंना आणि मास्तरांना.

सर्दी असती तर आली तशी गेली असती. पण एके दिवशी शेगडीवर दूध जळून भांड्याचा तळ काळा झाला, घरभर धूर कोंडला, आणि काकू शेजारच्या खोलीत मशीनवर पडद्यांना शिलाई मारत बसल्या होत्या. डोळे चुरचुरले तेव्हा उठल्या. भांडं नाकाशी धरलं, काही नाही. लसूण ठेचून हुंगला, रॉकेलची बाटली हुंगली. बाटलीत पाणी असावं तसं. त्यांनी भांडं घासून पालथं घातलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

एरवी एका शिंपिणीचं नाक गेलं म्हणून कुणाचं काय अडतं? पण कारखान्याच्या भिंतीला खेटून असलेल्या त्या खालच्या आळीत माणसांचा जीव या एका नाकावर टांगलेला होता.

कारखान्यात चामडं कमवायची रसायनं बनत. वारा पडला की भिंतीवरून सडक्या अंड्यांचा वास उतरायचा. मग कुणी ओकायचं, कुणी चालता चालता कोसळायचं. कारखान्याचे साहेब म्हणायचे, गटारं साफ ठेवा. काकूंना तो वास सगळ्यांच्या आधी कळायचा. हातातलं काम टाकून त्या दारोदार धावायच्या, दारं बडवायच्या, लोकांना चढावर न्यायच्या. त्या धावपळीतूनच संघटना उभी राहिली. पहिली बैठक काकूंच्या शिवणखोलीत, चिंध्यांच्या ढिगावर बसून झाली: आळीतल्या काही बाया आणि निवृत्त शाळामास्तर. या लोकांनी कारखान्याचं फाटक अडवलं, लाठ्या खाल्ल्या, कोठडीत बसले. शेवटी कारखान्याने धुराडं उंच केलं. पुढे वास कमी होत गेला. आळीतलं प्रत्येक माणूस हे छाती ठोकून सांगायचं. संघटनेच्या सभागृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: आम्ही लढलो, वास पळाला.

हो, सभागृह. संघटना मोठी झाली की तिला आधी छप्पर लागतं, मग खुर्च्या, मग खुर्च्यांवरून भांडणं. चढावर नव्या इमारती झाल्या होत्या. तिथले लोक सभासद झाले: एक नर्सबाई, एक बसचालक, एक पाववाला, आणखी कितीतरी. जुने पुढे खुर्च्यांवर बसत, नवे मागे उभे राहत. पूर्वी बैठकीत भांडण व्हायचं, आता ठराव व्हायचा. भांडणात निदान कोण खोटं बोलतंय ते कळायचं.

नव्यांना सारखा वास यायचा. खाली उतरले की यायचा. एकदा बसचालकाने सभागृहाबाहेर टांगलेला रुळाचा तुकडा बडवला आणि सगळी आळी चढावर पळाली. सरकारी अधिकारी येऊन यंत्र लावेपर्यंत वारा सुटला होता. यंत्राला काहीच सापडलं नाही. पेपरवाल्यांनी संघटनेची टर उडवली. खालच्या आळीला ते फार लागलं. नव्यांची नाकं नाजूक, त्यांना आपला घामसुद्धा विषारी वाटतो, असं जुने म्हणाले, आणि ठराव झाला: काकूंनी मान डोलावल्याशिवाय रूळ वाजवायचा नाही.

आणि काकूंचं नाक मेलं ते त्यानंतर.

त्यांनी मास्तरांना सांगितलं. मास्तर तेव्हा सुनावणीची तयारी करत होते. कारखान्याला वाढीव परवाना द्यायचा की नाही, यावर सुनावणी होती आणि पहिली साक्ष काकूंची होती. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कुणाला बोललात?"

"नाही."

"नका बोलू. सुनावणी होऊन जाऊ द्या. त्यांचा वकील काय म्हणेल, माहीत आहे? ज्या बाईला फुलाचा वास येत नाही, तिच्या जिवावर हे आमचा कारखाना बंद करायला निघालेत. सगळं मातीत जाईल, काकू."

"आणि मधे काही झालं तर?"

"काय होणार आहे? वास आता राहिलाय कुठे? नाक धड असतं तरी काय हुंगणार होतात?"

मास्तर वाईट माणूस नव्हते. लाठी खाल्लेला माणूस. पण जिंकायची चटक लागली की चांगल्या माणसालाही हिशेब सुचायला लागतात.

काकू गप्प राहिल्या. मग नर्सबाई एकदा दारात आल्या, दवाखान्यात डोकं धरून येणारे वाढलेत म्हणाल्या, आणि भिंतीकडे वास येतोय, चला. काकू गेल्या. नाकपुड्या फुगवून गल्लीभर फिरल्या आणि हळूच आळीतल्या बायांची तोंडं पाहिली. कुणी भाजी निवडत होती, कुणी पोराचं डोकं पुसत होती. एकीचाही पदर नाकाला नव्हता. काकूंनी मान हलवली, नाही. नर्सबाईंनी पुन्हा बोलावलं, काकूंनी पुन्हा तोंडं पाहिली आणि पुन्हा नाही म्हटलं. स्वतःचं नाक गेलं तर शेजारणींची वापरावीत, यात त्यांना चूक वाटली नाही. रात्री झोप मात्र लागेना.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी सभागृहात साक्षीची तालीम चालली होती. पंखा होता, वारा नव्हता. खिडकीचा पडदा कागद चिकटवल्यासारखा उभा होता. पुढच्या रांगेत काकूंची धाकटी जाऊ चहा ओतत होती.

"मोठ्याने बोला हं ताई," ती म्हणाली. "घरात तर आवाज कारखान्यापर्यंत जातो."

लोक हसले. तेवढ्यात नर्सबाई आत आल्या. तोंडावर रुमाल, डोळे लाल.

"भिंतीजवळचा किराणावाला दुकानात पडलाय. त्याला चढावर पाठवलं. रूळ वाजवा."

"बसा, पाणी प्या," मास्तर म्हणाले. "उकाड्यानं पडला असेल. ठराव आहे ना आपला? काकू, सांगा बघू यांना."

सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या. काकूंनी सवयीने तोंडं पाहिली. पुढची रांग निवांत होती. जाऊ बशीत फुंकर घालत होती. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते खांद्याला पुसत होती, जणू कांदा चिरतेय. मग काकूंनी मागे पाहिलं. मागची सगळी रांग नाक दाबून उभी होती. बसचालकाने सदरा ओढून तोंडावर घेतला होता. पाववाला दाराकडे सरकत होता.

पुढे जुने, मागे नवे. मधून सुरीने कापल्यासारखं.

काकू उठल्या, मोरीत गेल्या आणि फिनेलची बाटली घेऊन आल्या. जाऊच्या मागे उभं राहून त्यांनी तिचे डोळे हाताने झाकले.

"हे काय पोरखेळ, ताई?"

"काय आहे सांग." बूच काढून त्यांनी बाटली तिच्या नाकाखाली धरली.

जाऊने हुंगलं. परत हुंगलं. "पाणी आहे. दुसरं काय?"

मागून कुणीतरी "अगं आई" म्हणालं. काकू शेजारच्या खुर्चीकडे गेल्या, तिथेही डोळे झाकले. लोहाराची म्हातारी हुंगून म्हणाली, "चहा असेल." तिच्या पलीकडच्या बाईने हुंगलं आणि तिचा चेहरा उतरला. आता कुणी हसत नव्हतं.

"मला वास येत नाही," काकू म्हणाल्या. "कितीतरी महिने झाले. मास्तरांना माहीत आहे. मी तुमची तोंडं बघून नाही म्हणत होते. आणि तुम्ही माझं तोंड बघून बसला होतात."

"काकू, उद्या सुनावणी आहे," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले.

"मास्तर, वास पळाला नव्हता. तो इथेच होता, आमची नाकं गेली." त्यांनी बाटली पुढे केली. "तुम्ही घ्या."

मास्तरांनी बाटली घेतली. नाकाशी नेली. बराच वेळ धरून ठेवली. मग त्यांनी भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहिलं आणि खुर्चीचा हात घट्ट पकडला. त्यांना खोकल्याची उबळ आली.

काकूंनी खुंटीवरची रूळ बडवायची लोखंडी कांब काढून नर्सबाईंच्या हातात दिली.

"आजपासून ज्याला वास येईल त्याने वाजवायचं. कुणाला विचारायचं नाही. मला तर मुळीच नाही."

"आणि ठराव?" कुणीतरी चाचरत म्हणालं.

"घाला चुलीत."

रूळ वाजायला लागला. खालची आळी दारात आली, पण हलेना. काय झालं, वास तर नाही, म्हणत लोक एकमेकांकडे बघत उभे राहिले. दार बडवायचं कसं हे काकूंना येत होतं. त्या एका बाजूने निघाल्या, जाऊ दुसऱ्या बाजूने. नव्यांनी म्हाताऱ्यांचे दंड धरले. बसचालकाने लोहाराच्या म्हातारीला पाठीवर घेतलं. मास्तर पाववाल्याच्या आधाराने आले, फाइल सभागृहातच राहिली. दोन दारं बडवूनही उघडली नाहीत. बसचालक म्हातारीला वर सोडून परत आला, तोंडाला ओला रुमाल बांधून त्याने ती खांद्याने तोडली. आतून उचलून आणलेल्यांपैकी एक बाई हलत नव्हती. तिला दोघांनी हातांच्या झोळीत घेतलं आणि कुणीही कुणाकडे पाहिलं नाही.

चढाच्या मध्यावर जाऊला धाप लागली. तिने नर्सबाईंचा हात धरला होता, सोडत नव्हती.

"गेला का हो वास?"

नर्सबाईंनी रुमाल जरा बाजूला केला, परत दाबला. "नाही."

सगळे चालत राहिले. मागे आळी रिकामी होती आणि वर ऊन स्वच्छ होतं. खालून आलेल्या एकालाही हवेत काही वावगं जाणवत नव्हतं. वाटेत भेटेल त्या नव्या माणसाला काकू आता विचारत होत्या, लहान पोराने विचारावं तसं, आणि तो सांगेल तिकडे वळत होत्या.

"आता?" जाऊने विचारलं.

"अजून येतोय," नर्सबाई म्हणाल्या. "चला."