सोनाळ्यात वाजलेली धोक्याची घंटा

हिंमतरावांना जावई हवा होता तो जमिनीवर पाय असलेला, आणि स्थळ आलं जहाजावरचं. मुलीनं, सुचितानं, गोकुळला फोटोतच पसंत केलं होतं, म्हणून नाइलाजानं त्यांनी त्याला आईसकट सोनाळ्याला बोलावलं. ओसरीवर चहा झाला आणि त्यांनी तोंड उघडलं.

"जहाज बुडालं तं तुमाले धुंडनार कोन? बैल हरपला तं गावात इचारता येते. समुद्रात कोनाले इचारू?"

सुचिता गोकुळच्या मनात पक्की बसली होती. त्यानं खिशातून साबणाच्या वडीएवढं पिवळं यंत्र काढलं.

"मामा, हे बीकन. जहाज सोडाची वेळ आली का हे घेऊनच तराफ्यात उतराचं. अँटेना उभी करून बटन दाबलं का उपग्रहाले खबर जाते. मंग सुटका होईस्तोवर बंद नाही कराचं."

"दाबा मंग. पाहू."

"उगंच नाही दाबता येत, मामा. लोकं खरंच धावून येतात."

"पाहा! दाखवाची वेळ आली का नाही म्हनते," हिंमतराव म्हणाले.

मग रिवाजाप्रमाणे मुलामुलीला परसात बोलायला धाडलं. यंत्र ओसरीवरच राहिलं. आता नको म्हटलेलं बटण समोर असताना कुठला माणूस गप्प बसेल? हिंमतरावांनी अंगणात जाऊन अँटेना उभी केली आणि ते दाबलं. दिवा लुकलुकला. बराच वेळ आभाळाकडे पाहूनही काही येईना. "खेळनं हाये," ते समाधानानं म्हणाले.

परतलेल्या गोकुळनं दिवा पाहिला. त्यानं झडप घालून यंत्र बंद केलं, तोच आईचा, रुखमाबाईंचा, फोन वाजला. बीकनची नोंदणी करताना, संकटात कोणाला कळवायचं, तिथं त्यानं तिचाच नंबर दिला होता.

बचाव केंद्रातला साहेब बोलत होता. तुमच्या मुलाचं बीकन सोनाळ्यात सुरू झालंय, तो धोक्यात आहे का?

"हाये तं," रुखमाबाई हिंमतरावांकडे पाहत म्हणाल्या. "कवाचा गटांगळ्या खाऊन राह्यला."

"पाण्यात आहे?" साहेबाचा आवाज चढला. "माणसं पाठवतो!"

हिंमतरावांनी फोन हिसकावला.

"नाही, नाही साहेब! पानीबिनी काई नाही. बटन म्या दाबलं, माफी करा."

"मग मुलगा सुखरूप आहे ना? आपण त्याचे कोण?"

हिंमतरावांनी गोकुळकडे पाहिलं, मग दाराशी श्वास रोखून उभ्या सुचिताकडे.

"सासरा," ते म्हणाले.