पेटीवरची शाल

दुपारचे बारा वाजले की सक्करदऱ्याच्या तलावापलीकडच्या त्या धर्मादाय दवाखान्यात आजाऱ्यांना उभं राहायला जागा उरत नसे. सगळी जागा भक्तांनी खाल्लेली! १९८६ सालचा मे महिना, अंगाची नुसती लाही लाही, आणि शंभर-दीडशे माणसं व्हरांड्यात एकमेकांच्या घामात हात जोडून उभी. कोणासाठी? तर भिंतीवर टांगलेल्या एका लोखंडी पेटीसाठी.

ही पेटी म्हणजे इन्व्हर्टर. गच्चीवर उन्हाची वीज करणाऱ्या पाट्या होत्या, खाली बॅटऱ्या होत्या, आणि त्या विजेवर लसींचा फ्रिज चालावा म्हणून मधे ही पेटी. इतवारीतले भांड्यांचे व्यापारी देवराव दवाखान्याचे अध्यक्ष. त्यांनीच खटपट करून ती आणली होती. माणूस भला. पण संक्रांतीला उद्घाटनाचा पाहुणा ऐन वेळी आलाच नाही, आणि आणलेलं शाल-श्रीफळ परत न्यायचं तरी कसं? देवरावांनी शाल पेटीलाच पांघरली, नारळ वर ठेवला, फोटो काढला. आता एकदा सत्कार झालेल्याच्या अंगावरची शाल ओढायची कोणी? शाल राहिली ती राहिलीच.

होळी झाली, ऊन तापलं, आणि पेटी रोज भर दुपारी ‘टक’ करून बंद पडू लागली. तिचा हिरवा दिवा विझायचा, फ्रिज थांबायचा. आणि तिथंच तेजोबाबा उगवला.

"अरे, हा डब्बा नाही! साक्षात सूर्यनारायण बसून राहिले इथं!" बाबा गरजायचा. "दुपारी त्यांची समाधी लागते. घाबरू नका. मी उठवतो त्यायले!"

मग शाल उतरवायची, पेटीच्या माथ्यावर ओलं फडकं फिरवायचं, मोरपिसांच्या पंख्यानं तासभर वारा घालायचा, आणि तोंडानं ‘ऱ्हीं भ्रीं भडाम्’ असलं काहीतरी. तासाभरानं हिरवा दिवा लागला की टाळ्या, आरोळ्या, लोटांगणं. लगेच कपाळाला लावावं तसं पेटीलाही चिमूटभर कुंकू, आणि पुन्हा शाल!

दवाखान्यातल्या नर्सला, प्रेमिला सिस्टरला, हे सगळं बघून नुसता संताप यायचा. पण खरी किळस आली ती फ्रिज उघडल्यावर. लसींच्या कुप्या एका कोपऱ्यात ढकललेल्या, आणि बाकी सगळीकडे बाबाच्या तीर्थाच्या बाटल्या! मे महिन्यात थंडगार तीर्थ मिळतं म्हणून लोक थक्क होत होते. त्या चमत्कारासाठी फ्रिजचं दार दिवसातून पन्नासदा उघडलं जाई.

"देवरावजी, लस गरम झाली का मेली," तिनं अध्यक्षांना सांगितलं. "एप्रिलची सारी लस मी फेकली, या महिन्याचीही फेकली. पोरायले पोलिओचा डोस कुठून देऊ?"

"सिस्टर, बाबा उठवतात म्हणून पेटी चालून तरी राहिली," देवराव म्हणाले. "त्यायले दुखवू नका."

बाबानं तर तोडगाच काढला होता. "डोस काहून पाहिजे? सूर्यतीर्थ पाजा!" दवाखान्याची आया कांताबाई, तिनं आपल्या दहा महिन्यांच्या नातीला, देवकीला, चमच्या-चमच्यानं तीर्थ पाजलं. एप्रिलचा डोस हुकला होता, मेचाही हुकला. मेच्या शेवटी देवकीला ताप आला. ताप उतरला, पण उजवा पाय हलेना. प्रेमिला तिला धंतोलीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तो पाय उचलून सोडला. पाय नुसता खाली पडला.

"पोलिओ," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी प्रेमिला दवाखान्यात परतली ती दात आवळूनच. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या बापाची ती लेक. समजल्याशिवाय मान हलवायची नाही, हे बापानं तिला लहानपणीच शिकवलेलं. तिनं फ्रिजच्या तापमानाचा तक्ता काढला. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळे आकडे तिनंच लिहिलेले. दुपार आली की पारा चढलेला. रोज तेच. एक दिवस सोडून! सात मेला दुपारीही चार अंश.

"कांताबाई, सात तारखेले बाबा आले होते का वं?"

"नाई जी, इतवारीत कोणाच्या लग्नाले गेले होते."

"आणि शाल?"

"तेलानं, कुंकवानं चिकट झाली होती, म्हणून म्या धुवाले नेली होती. दुसऱ्या दिवशी घातली." कांताबाईचा आवाज खाली आला. "काहून विचारता?"

प्रेमिला पेटीजवळ गेली. तिनं शालीखाली हात घातला आणि झटकन मागं घेतला. पेटी तव्यासारखी तापली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं देवरावांना बोलावून घेतलं, आणि पेटी थंड असतानाच, जमलेल्या गर्दीसमोर, शाल काढून घडी घातली.

"अनर्थ होईल!" बाबा किंचाळला. "पेटी फुटेल! पाहणारे आंधळे होतील!"

"मग तुमी मागं व्हा बाबाजी," प्रेमिला म्हणाली. "मी आहे इथं."

साडेबारा झाले. हिरवा दिवा चालू. एक वाजला, दोन वाजले. ना मंत्र, ना मोरपीस, आणि दिवा चालूच. गर्दीत कुजबुज सुरू झाली. तेव्हा प्रेमिलानं शाल उचलली आणि पेटीवर टाकली. "आता घड्याळ पाहा."

पाऊण तास झाला, आणि टक! दिवा गेला.

"शाप!" बाबा ओरडला.

"कसला शाप? गरमीनं दम कोंडते तिचा!" प्रेमिलानं शाल ओढून काढली आणि कांताबाईच्या हातात सूप दिलं. "घाला वारा. मंत्र म्हणू नका."

कांताबाई सूप हलवत राहिली. तासाभरानं दिवा लागला.

"पेटी चालता चालता गरम होते," प्रेमिला सांगू लागली. "हवा खेळावी म्हणून तिले जाळी दिली आहे. फार तापली तर जळू नये म्हणून, इस्त्रीत असते तशी, आतली कळ तिले आपोआप बंद करते, आणि थंडावली का पुन्हा चालू करते. समाधी नाही न् काही नाही. बाबा शाल काढून थंड करत होते, आणि उद्या बंद पडावी म्हणून पुन्हा पांघरत होते."

"मले काय मालूम? मी तर साधा भक्त!" बाबानं हात जोडले.

प्रेमिलानं ओलं फडकं घेतलं आणि जाळीच्या वरच्या पट्टीवरचा कुंकवाचा जाड थर पुसला. खाली इंग्रजीत पांढरी अक्षरं होती. देवरावांनी चष्मा लावून वाचली आणि त्यांचा चेहरा पडला.

"झाकू नये, असं लिहिलं आहे," ते पुटपुटले.

"साऱ्या पेटीवर कुंकवाचा टिळा लावाले तुमाले हीच जागा सापडली?" प्रेमिलानं बाबाला विचारलं. "वाचता येते तुमाले. म्हणूनच नेमकं ते झाकलं. थू!"

बाबा बाटल्यांची पिशवी घेऊन मागच्या दारानं सटकला. लोक त्याच्यामागं शिव्या देत धावले. कालपर्यंत पाया पडणारे हेच लोक! त्यांचीही प्रेमिलाला तेवढीच किळस आली.

कांताबाई मात्र जागची हलली नाही. सूप तसंच हातात होतं.

"सिस्टर, धुतलेली शाल परत म्याच घातली ना वं? एक दिवस पेटी नीट चालली होती. म्या तिले पुन्हा झाकली."

"तुले कोणी सांगितलं नव्हतं, कांताबाई."

"म्या विचारलं कुठं?"

प्रेमिलानं तिच्या हातातलं सूप काढून घेतलं.

पुढच्या बुधवारी नवी लस आली. फ्रिजमध्ये ती एकटीच होती, दुपारीही चार अंशांवर. बाया पोरं घेऊन रांगेत बसल्या. देवकीही आजीच्या कडेवर होती. तिचा एक पाय लोंबत होता. एका बाईनं सवयीनं झेंडूचा हार आणला आणि पेटीकडे हात नेला. कांताबाईनं तो हात धरला.

"हार नको वं. तिले हवा लागते." मग तिनं रांगेकडे तोंड फिरवलं. "देव ज्याचा त्यानं घरी पुजावा. पण एखादी गोष्ट बंद पडली तर काहून बंद पडली ते विचारा वं, बायांनो. माझ्या नातीचा पाय जायच्या आधी म्या विचारलं नाही. तुमी विचारा."