रश्शातला मासा

यज्ञेश्वर दात्यांच्या सहल कंपनीने जपानमधल्या हिदा नावाच्या डोंगराळ भागाची सहल काढली, तेव्हा दुभाषा म्हणून मला फुकट न्यायचं ठरलं. मी शनिवार पेठेतला निवृत्त ग्रंथपाल. जपानी शिकलो ती पुस्तकांतून. जपान पाहिलेला नाही. तिथली लाखेचा लेप दिलेली लाकडी भांडी, नदीकाठचा सकाळचा बाजार, गवती छपरांची घरं, सगळं फोटोंवरून पाठ. लाखेची वाटी हातात किती हलकी लागते, ते मात्र कळायचं राहिलं होतं. आता कळेल असं वाटत होतं.

कोथरूडच्या हॉलमध्ये प्रवाशांची बैठक होती. दारातच दात्यांनी माझा दंड धरला.

"तिथल्या शेवयांच्या रश्शाबद्दल विचारलंच, तर समुद्रातली वनस्पती म्हणायचं. असते ना ती त्यात?"

"असते. पण मासाही असतो. वाळवून किसलेला."

"अहो, पत्रकावर शुद्ध शाकाहारी छापून झालंय. ग्रंथपाल ना तुम्ही? मागेल तेवढंच काढून द्यायचं."

मी जमवलेले फोटो टेबलावर मांडून लाखेच्या कामाबद्दल बोलायला लागलो.

"मोठ्याने बोला! वाचनालय नाहीये हे," मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं.

पुढे बसलेल्या वासंतीबाई केतकर म्हणाल्या, "भांड्यांचं राहू द्या. त्यात काय वाढणार ते सांगा. उपासाच्या कुट्टूच्या पिठाच्या शेवया समजल्या. त्यांचा रस्सा कशाचा?"

दाते पंख्याकडे बघत होते.

"समुद्रातली एक वनस्पती असते..."

"आणि?" बाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. अर्धं उत्तर त्यांना लगेच कळायचं.

शेजारी बसलेला त्यांचा मुलगा सलिल उठला. हिंजवडीत नोकरी, मधली दोन वर्षं कंपनीतर्फे जपानला. "आई, रिलॅक्स. मी रोज तेच खायचो. प्युअर व्हेज. काका, तुम्ही स्वतः कधी गेलायत जपानला?"

"नाही."

लोक हसले.

मी खाली बसू शकलो असतो. आपलंच वाचन चुकलं असेल, असं मला नेहमीच वाटतं. तेव्हाही वाटलं. पण वाचलेल्या जपानी पाककृतींच्या प्रत्येक पुस्तकात तो मासा होता.

"तुम्ही दोन वर्षं मासा खात होतात," मी म्हणालो.

वासंतीबाई मुलाकडे वळल्या. "गेल्या गणपतीत नैवेद्य तू दाखवलास, सलिल."

"आई, ह्यांना काय माहितीये! प्रूफ काय, काका?"

"हे पत्रक छापताना झोपला होतात का?" एक गृहस्थ माझ्यावरच कडाडले. दात्यांना कोणी काही विचारलं नाही.

दाते उभे राहिले. "आमच्याच माणसाने आम्हाला अंधारात ठेवलं, त्याला मी काय करू?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात वासंतीबाई उठल्या.

"आपला आचारी बरोबर घ्या, कुकरसकट," वासंतीबाई म्हणाल्या. "नाहीतर आमची नावं काढा." सगळ्या हॉलने तेच लावून धरलं.

"आचारी येईल," दाते माझ्याकडे बघत म्हणाले. "एक जागा रिकामी झालीच आहे."

"आणि भाषेचं काय?" कोणीतरी विचारलं.

"मी आहे ना," सलिल म्हणाला. "ऑर्डर देण्यापुरतं येतं मला."

मी टेबलावरचे फोटो गोळा करू लागलो.

"ते राहू द्या इथेच," दाते म्हणाले. "पुढच्या बैठकीत दाखवायला लागतील."

"माझे आहेत," मी म्हणालो. ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.