शून्यकाकांचा दिवा

"काका, तुम्ही हात लावू नका हं!" क्ष-किरण विभागाच्या मॅडम दारातूनच ओरडल्या. "कंपनीचा माणूस परवा येतोय."

शून्यकाकांनी हात पाठीमागे बांधले. इस्पितळाच्या मशीनरूममध्ये त्यांची तीस वर्षं गेली होती, निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. आणि नेमका आजच सकाळी एक्स-रे साठवणाऱ्या मशीनने टाहो फोडला. चारांतली एक डिस्क गेली होती. एक गेली तर उरलेल्या तिघी तिचं काम कसंबसं ओढतात. दुसरी गेली, की हजारो माणसांची हाडं आणि फुप्फुसं पाण्यात.

'शून्यकाका' हे नाव काही त्यांना आईबापांनी दिलेलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी अशीच डिस्क गेली होती. पडद्यावर आलं, 'डिस्क तीन खराब'. काकांनी भल्या माणसासारखं एक, दोन, तीन मोजलं आणि तिसरी उपसली. पण त्या डिस्कांवर देखरेख करणारा कंट्रोलर, तो लेकाचा शून्यापासून मोजायचा! त्याची तीन म्हणजे आपली चौथी. मेलेली राहिली जागेवर आणि धडधाकट आली हातात. तीन महिन्यांचे एक्स-रे गेले, दोनशे रोग्यांना पुन्हा यंत्रासमोर उभं राहावं लागलं. चौकशीच्या कागदावर 'मानवी चूक' असा शेरा पडला. कँटीनवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी नावंही ठेवली आणि नावही ठेवलं.

काका रडले ते एकाच ठिकाणी, बहिणीच्या घरी. भाची तेव्हा कॉलेजात होती. "कंट्रोलरला माहीत असतं गं कुठली मेलीय ते," ते तिला म्हणाले. "पण सांगेल तर शपथ! मिठाची गुळणी धरून बसतो."

पोरीने ते मनात धरलं. पुढे ती संगणकाच्या कर्नलवर काम करायला लागली. कर्नल म्हणजे मशीन आणि माणूस यांच्यामधला कारभारी, सगळं बोलणं त्याच्यामार्फत. कंट्रोलरचं मॉडेल, त्याची आवृत्ती, प्रत्येक डिस्कची जागा आणि प्रकृती, सगळं साध्या फाइलींतून कुणालाही वाचता यावं, असा बदल तिने कर्नलमध्ये लिहिला. कर्नलमधले बदल तपासणाऱ्यांनी तो आठ वेळा परत पाठवला.

"मामा, एका फाइलीत एकच गोष्ट हवी म्हणे," ती फोनवर वैतागायची. "मी दोन लिहिल्या, तर केवढा थयथयाट!"

नवव्यांदा तो मंजूर झाला. गेल्याच महिन्यात ते कर्नल या मशीनवर चढलं होतं.

"मॅडम," काका म्हणाले, "परवापर्यंत दुसरी गेली तर? दोन मिनिटं द्या. नुसतं वाचतो."

मॅडमनी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. काकांनी तोच होकार समजला आणि फाइली उघडल्या. प्रकृती: खराब. जागा: तीन.

पुन्हा तीनच! पण ही तीन कंट्रोलरची शून्यापासूनची, की कर्नलने एकापासून मोजलेली? त्यांनी भाचीला फोन लावला.

"मामा, मोजत बसू नका," ती म्हणाली. "शेजारीच त्या डिस्कच्या दिव्याची फाइल आहे. तिच्यात एकचा आकडा लिहा, मेलेल्या डिस्कचाच दिवा लागेल. समोर बघा."

काकांनी एक लिहिला. चौथ्या खणावरचा निळा दिवा लुकलुकायला लागला.

"चौथी!" मॅडमच ओरडल्या. "अहो काका, चौथीच की हो ही!"

काकांनी एका झटक्यात चौथी उपसली आणि नवी बसवली. दुपारी चार वाजता पडद्यावर 'सर्व डिस्क सुस्थितीत' असं आलं, तेव्हा मॅडम स्वतः जाऊन दोन कप चहा घेऊन आल्या. काकांना इतका आनंद झाला होता, की साखर घालायचीच ते विसरले.

तेवढ्यात पुन्हा भाचीचा फोन आला. "मामा, माझ्या बदलाखालची नोंद वाचलीत का कधी? नाही ना? वाटलंच मला. आता वाचा."

काकांनी चष्मा पुसला. नोंदीच्या शेवटी एक ओळ होती, 'दोष कळवणारे', आणि तिच्यापुढे एक नाव. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ते कर्नलच्या इतिहासात कायमचं नोंदलेलं होतं, आता कुणालाच खोडता येण्यासारखं नव्हतं.

मॅडमनी त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"हे कोण हो, काका?"

"मी," काका म्हणाले, आणि त्यांनी चहाचा कप उचलला.